झाकल्या मुठीचे गणित

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. मूठ झाकलेली असते तोपर्यंत तिच्यात माणिक आहे की माती, हे कोणास दिसत नाही. पण न दिसणे आणि न कळणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. मूठ किती घट्ट आवळली आहे, ती उघडण्यास सांगताच माणूस किती कचरतो, त्याची नजर कोठे वळते, या साऱ्या खुणा बाहेरून दिसतात आणि चतुर मनुष्य त्यांवरून आतील वस्तूचा तर्क बांधतो. मूठ झाकलेलीच राहते. गुपित मात्र थोडे थोडे बाहेर पाझरते.

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात वरवट बकाल नावाचे गाव आहे. उत्तरेस सातपुड्याची रांग आणि भोवताली काळी जमीन असा हा वऱ्हाडचा मुलूख कापसासाठी नावाजलेला आहे. याच जिल्ह्यातील खामगाव ही कापसाची एवढी मोठी पेठ होती की, तेथपर्यंत १८७० मध्ये जलंबहून रेल्वेचा खास फाटा नेण्यात आला. अशा मुलखातील शेतकरी वेचणी आटोपून गाडी जुंपतो, तेव्हा गाडीत कापूस असतो आणि मनात एक आकडा असतो. 'इतक्या भावाखाली माल द्यावयाचा नाही', असे त्याने घरून निघतानाच ठरविलेले असते. त्या आकड्यात बियाण्याचे देणे असते, घरच्या आजारपणाचा खर्च असतो आणि मुलांच्या वह्यापुस्तकांची सोयही असते. हा आकडा घेणाऱ्यास कळला, तर तो त्याहून एक पैसाही अधिक कशाला देईल? म्हणून गरिबाचे गुपित हे श्रीमंताच्या गुपिताइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मोलाचे असते.

पूर्वी महाराष्ट्रातील शेतमालाच्या व गुरांच्या अनेक बाजारांत 'हत्ता' नावाची पद्धत रूढ होती. अडत्या आणि घेणारा समोरासमोर बसत. दोघांच्या हातांवर उपरणे किंवा धोतराचा सोगा टाकलेला असे. त्या कपड्याखाली एकमेकांची बोटे धरून, दाबून भावाची बोली चाले. तोंडाने एक शब्दही उच्चारला जात नसे. सौदा जमला की हात सुटत. शेजारी उभ्या असलेल्यांना भाव कळत नसे. इतकेच नव्हे, तर ज्याचा माल विकला जात होता, त्या शेतकऱ्यालाही तो कळत नसे.

आता अशी कल्पना करू की, बाजारात एक चलाख मुलगा रोज हे सौदे पाहत उभा राहतो. कपड्याखालील बोटे त्याला दिसत नाहीत. पण हात किती वेळ कपड्याखाली राहिले, हे दिसते. पुष्कळ दिवसांच्या निरीक्षणाने त्याच्या ध्यानात येते की, हात झटकन सुटले तर भाव चढा ठरलेला असतो आणि हात रेंगाळले तर तो उतरता असतो. त्या दिवशी सोळा निरनिराळे भाव सारखेच संभवनीय आहेत, असे मानू. काहीच न पाहता त्याने तर्क केला, तर तो खरा ठरण्याचा संभव सोळांत एक. हात झटकन सुटलेले पाहिले, तर वरचे आठ भाव उरतात. रेंगाळलेले पाहिले, तर खालचे आठ. म्हणजे संभव आठांत एक झाला. कपडा जराही सरकला नाही, तरी अर्धे भाव बाद झाले. ते वेळेने बाद केले.

बाजारातील हा साधा प्रकार संगणकाच्या जगात फार मोठा प्रश्न होऊन बसला आहे. संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, हे सांगणाऱ्या आज्ञांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात. अशा आज्ञावली मिळून सॉफ्टवेअर बनते. बँकेतील खाते, रुग्णाचे कागद, दूरध्वनीवरून पाठविलेले पैसे ही सारी गुपिते आज सॉफ्टवेअरच्या कपड्याखाली ठेवलेली असतात. चोराने कुलूप फोडले, तर ते लगेच ध्यानी येते. परंतु कुलूप शाबूत, दार बंद आणि तरीही आतील माहिती बाहेर, असा प्रकार घडला तर? मातीच्या माठाला भोक नसते, तरी तो पाझरतो. बाहेरून हात लावला की ओल लागते. सॉफ्टवेअरच्या अशा पाझरण्यास माहितीची छुपी गळती म्हणतात.

उदाहरणासाठी चार अंकी परवलीचा आकडा घेऊ. ०००० पासून ९९९९ पर्यंत असे १०,००० आकडे संभवतात. संगणक आपण दिलेला आकडा खऱ्या आकड्याशी ताडून पाहतो. तो पहिला अंक पाहतो. जुळला तर दुसरा पाहतो. आणि जेथे चुकला तेथेच थांबून 'नाही' म्हणतो. वरवर पाहता यात काही वावगे नाही. पहिलाच अंक चुकला असता पुढचे तपासण्याचे श्रम कशाला, असे कोणीही म्हणेल. पण येथेच मेख आहे. पहिला अंक चुकला तर 'नाही' लवकर येते; पहिला जुळून दुसरा चुकला तर ते किंचित उशिरा येते. तो उशीर डोळ्यांना जाणवत नसला, तरी यंत्राने मोजता येतो.

चोर प्रथम ०००० देतो, मग १०००, मग २०००. असे करता करता ज्या वेळी उत्तर किंचित उशिरा येईल, त्या वेळी पहिला अंक सापडला. जास्तीत जास्त दहा प्रयत्न. मग दुसऱ्या अंकासाठी दहा, तिसऱ्यासाठी दहा आणि चौथ्यासाठी दहा. जेथे १०,००० प्रयत्न लागावयाचे, तेथे चाळिसांत काम झाले! हे केवळ कल्पनेतील उदाहरण नव्हे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत टेनेक्स नावाच्या संगणक-व्यवस्थेत याच जातीचा दोष आढळला होता. ती व्यवस्था परवलीचा शब्द एकेक अक्षर ताडून पाहत असे. संगणकाच्या स्मृतीचे भाग पाडलेले असतात व त्यांना 'पाने' म्हणतात. शब्दाची पहिली अक्षरे एका पानाच्या अखेरीस आणि उरलेली पुढच्या पानावर ठेवली, म्हणजे संगणक पुढच्या पानाकडे वळला की नाही, यावरून पहिली अक्षरे जुळली की नाही, हे बाहेरून कळत असे.

दोष सापडला, म्हणजे काम संपले असे नाही. 'येथे गळती आहे' एवढेच म्हणणे पुरेसे नसते. ती थेंबाची आहे की धारेची, हे कळले पाहिजे. आणि मोजणे म्हटले की गणित आले. १९४८ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणारे क्लॉड शॅनन यांनी माहितीही मोजता येते, हे दाखवून दिले. ज्या प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे सारख्याच संभवाने येऊ शकते, त्या एका उत्तराने मिळणाऱ्या माहितीस एक 'बिट' म्हणतात. सोळा भावांतील एक शोधावयाचा तर 'वरच्या अर्ध्यात आहे काय?' असे विचारीत गेल्यास सोळांचे आठ, आठांचे चार, चारांचे दोन आणि दोनांचा एक, अशा चार प्रश्नांत तो सापडतो. म्हणून त्या गुपिताचे माप चार बिट. त्या मुलाने केवळ हात पाहून अर्धे भाव बाद केले, म्हणजे चारांपैकी एक बिट गळला.

या विचारातूनच गळतीचे गणिती प्रतिमान तयार होते. प्रतिमान म्हणजे खऱ्या वस्तूची कामापुरती प्रतिकृती. गावाच्या नकाशात झाडे नसतात, माणसे नसतात. तरी वाट शोधण्यास तो उपयोगी पडतो, कारण वाटेसाठी लागणारे तेवढेच त्यात ठेवलेले असते. गळतीच्या प्रतिमानातही तीनच गोष्टी ठेवतात. पहिली, कोणकोणती गुपिते संभवतात. दुसरी, बाहेरून कोणकोणत्या खुणा दिसतात. आणि तिसरी, कोणत्या गुपितामुळे कोणती खूण दिसते. गुपिते उभ्या ओळीत, खुणा आडव्या ओळीत, असा तक्ता मांडला की आज्ञावलीचे बाहेरून दिसणारे सारे वर्तन एका कागदावर येते.

चार अंकी आकड्याचा तक्ता मांडून पाहू. चोराने ०००० हा आकडा दिला. मनातल्या १०,००० आकड्यांपैकी ९,००० आकडे पहिल्याच अंकाला चुकतील, ९०० दुसऱ्या अंकाला, ९० तिसऱ्याला, ९ चौथ्याला आणि १ पूर्ण जुळेल. म्हणजे बाहेर पाच प्रकारच्या खुणा दिसतील. आता चोर प्रत्येक खुणेसाठी एकेक तर्क लिहून ठेवील. पाच खुणा, म्हणून पाच तर्क; आणि त्या पाच आकड्यांपैकी खरा आकडा कोणताही असला, तरी त्याचा तर्क खरा ठरेल. पूर्वी संभव १०,००० मध्ये १ होता, तो आता १०,००० मध्ये ५ झाला. खुणा पाच, म्हणून संभवही पाचपट. बाजारातील मुलास दोन खुणा दिसत होत्या, म्हणून त्याचा संभव दुप्पट झाला होता. सर्व गुपिते सारखीच संभवनीय असतील आणि एका गुपितामुळे नेहमी एकच खूण दिसत असेल, तर जितक्या वेगळ्या खुणा बाहेर दिसतात, तितक्या पटीने चोराचे फावते, असा हा सोपा नियम आहे.

पाचपट हे फारसे वाटत नाही. परंतु थेंबे थेंबे तळे साचते, हे येथे विसरून चालणार नाही. पहिला अंक कळला की १०,००० आकड्यांचे १,००० उरतात, दुसरा कळला की १०० आणि तिसरा कळला की १०. एकेका प्रयत्नातील गळती अल्प असली, तरी प्रयत्न कितीही वेळा करू दिले, तर मूठ पार रिकामी होते. चुकीचे काही प्रयत्न झाले की बँकेचे यंत्र कार्ड बंद करते, त्याचे कारण हेच. तो नियम थेंबांची संख्या मर्यादित ठेवतो.

१९९६ मध्ये पॉल कोचर या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिले की, गुप्त लेखनाच्या नामांकित पद्धतींतही गणिताला लागणारा वेळ मोजून गुप्त किल्ली शोधता येते. २००३ मध्ये डेव्हिड ब्रमली व डॅन बोने यांनी हेच काम एका संगणकावर बसून जाळ्यातील दुसऱ्या संगणकाविरुद्ध करून दाखविले. पुढे जानेवारी २०१८ मध्ये 'स्पेक्टर' व 'मेल्टडाउन' या नावांचे दोष जाहीर झाले, तेव्हा साऱ्या जगात खळबळ उडाली. कारण ते दोष संगणकाच्या मेंदूतच, म्हणजे प्रक्रियकात होते. वेळ वाचावा म्हणून प्रक्रियक पुढचे काम अंदाजाने आधीच करून ठेवतो आणि अंदाज चुकला तर ते टाकून देतो. पाहुणे येतील असे समजून गृहिणीने फडताळातील कपबश्या ओट्यावर काढाव्यात आणि पाहुणे आलेच नाहीत, तसा हा प्रकार. चहा झाला नाही. पण नंतर कप मागितला, तर तो चटकन हाती येतो आणि तेवढ्यावरून शेजारणीस कळते की, घरात कोणाची तरी वाट पाहिली जात होती.

मग यावर उपाय कोणता? पुष्कळांना वाटते की, उत्तर देताना मुद्दाम कधी थोडा, कधी जास्त उशीर करावा, म्हणजे चोर गोंधळेल. तो गोंधळेल खरा. पण थोडाच वेळ. एकच प्रश्न शेकडो वेळा विचारून वेळांची सरासरी काढली की, मागेपुढे केलेला उशीर एकमेकांत विरून जातो आणि खरा फरक वर येतो. खरा उपाय अधिक सरळ आहे. पहिलाच अंक चुकला, तरी चारही अंक तपासावेत आणि मगच उत्तर द्यावे. तसे केले की पाच खुणांच्या जागी 'होय' आणि 'नाही' अशा दोनच उरतात. श्रम थोडे वाढतात. पण गुपित राखण्याचे मोल द्यावेच लागते.

१९८२ मध्ये जोसेफ गोगेन व होसे मेसेगेर यांनी हा विचार एका काटेकोर नियमात बांधला. गुपित बदलले, तरी बाहेरून दिसणाऱ्यात काहीच बदल होत नसेल, तर त्या गुपिताची गळती नाही, असा त्याचा आशय आहे. त्यास अहस्तक्षेपाचा नियम म्हणता येईल. तथापि, हा नियम तंतोतंत पाळणे पुष्कळदा शक्य नसते. परवलीचा आकडा चुकला, तर 'नाही' म्हणावेच लागते आणि 'नाही' म्हटले की 'हा आकडा नव्हे' एवढे तरी कळतेच. म्हणूनच गळती आहे की नाही, एवढ्यावर न थांबता ती किती आहे, हे मोजण्याचे शास्त्र पुढे वाढले. माहितीने कोणाकडून कोणाकडे जावे, हे ठरविण्याचाही गणिती विचार झाला. डॉरोथी डेनिंग यांनी १९७६ मध्ये तसे प्रतिमान मांडले. आपल्या देशातही आर. के. श्यामसुंदर व एन. व्ही. नरेंद्र कुमार यांनी 'वाचक-लेखक प्रवाह प्रतिमान' सिद्ध केले आहे. त्यात माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर जणू एक चिठ्ठी असते. ही माहिती कोणाच्या मालकीची, ती कोणी वाचावी आणि तिच्यावर कोणाकोणाचा हात फिरला आहे, हे त्या चिठ्ठीवरून कळते.

प्रतिमानाच्या आधारे विचार करताना एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. तक्त्यात ज्या खुणा लिहिल्या, त्यांचीच गळती मोजली जाते. वेळेची खूण लिहिली आणि विजेची विसरली, तर वेळेची फट बुजेल व विजेची उघडी राहील. १९९९ मध्ये पॉल कोचर, जोशुआ जॅफे व बेंजामिन जुन यांनी यंत्र किती वीज खाते, हे मोजूनही गुप्त किल्ली काढता येते, हे दाखविले. गणित चुकत नाही. पण ते मांडणारा माणूस काय पाहावयास विसरला, हे गणित स्वतःहून सांगत नाही. म्हणून चांगला अभ्यासक उत्तर तपासण्याआधी तक्ता तपासतो.

आता पुन्हा बाजाराकडे वळू. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. महाराष्ट्र राज्याने १९६३ मध्ये शेतमालाच्या खरेदीविक्रीचा कायदा केला. बाजार समित्यांत उघड लिलाव होऊ लागले. भाव मोठ्याने पुकारला जाऊ लागला व शेतकऱ्यास तो आपल्या कानांनी ऐकता येऊ लागला. १४ एप्रिल २०१६ रोजी 'ई-नाम' हा राष्ट्रीय कृषी बाजार सुरू झाला आणि बोली संगणकावरून लावता येऊ लागली. कपडा गेला आणि पडदा आला. पण जुना प्रश्न तसाच उभा आहे. कोणाला काय कळावे?

या प्रश्नाचे उत्तर केवळ गणिताने मिळत नाही. त्याला न्यायबुद्धीही लागते. हत्त्याचा कपडा वाईट होता, तो त्याखाली काही झाकले होते म्हणून नव्हे. ज्याने उन्हातान्हात कापूस पिकविला, त्याच्यापासूनच त्याच्या मालाचा भाव झाकला जात होता, म्हणून तो वाईट होता. उलट, त्याच्या मनातील शेवटचा आकडा ही त्याची स्वतःची ठेव होती आणि ती राखण्याचा त्यास पूर्ण अधिकार होता. सौद्याचा भाव उघडा असावा आणि माणसाचे खाजगी गुपित झाकलेले असावे. जे उघडे असावयाचे ते लख्ख उघडे आणि जे झाकावयाचे ते नीट झाकलेले, हीच चांगल्या बाजाराची व चांगल्या आज्ञावलीची खूण होय.

वरवट बकालचा शेतकरी आज कापसाचे पैसे बँकेतून उचलतो आणि परवलीचा आकडा टाकताना यंत्रावर दुसऱ्या हाताचा आडोसा धरतो. तो आडोसा शेजारी उभ्या असलेल्याच्या नजरेसाठी पुरेसा आहे. त्यापलीकडचा आडोसा आज्ञावली लिहिणाऱ्याने धरावयाचा असतो. त्या दोघांची कधी गाठ पडत नाही. पण चार अंकांतील पहिला चुकला असतानाही जो उरलेले तीन प्रामाणिकपणे तपासतो, तो त्या न पाहिलेल्या शेतकऱ्याची मूठ झाकून ठेवीत असतो.

शब्दार्थ

अडत्या – शेतकऱ्याचा माल विकून देणारा मध्यस्थ. उपरणे – खांद्यावर घ्यावयाचे वस्त्र. सोगा – धोतराचा सुटा पदर. परवलीचा शब्द – ओळख पटविण्यासाठी ठरविलेला गुप्त शब्द. मेख – खुबी, अडचणीची जागा. फडताळ – भिंतीतील कपाट. ठेव – जपून ठेवलेली वस्तू.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.
(अ) हत्ता पद्धतीत शेतकऱ्याचे नुकसान होण्याची भीती का असे?
(आ) सॉफ्टवेअरच्या गळतीस माठाच्या पाझरण्याची उपमा का दिली आहे?
(इ) उत्तरास मुद्दाम मागेपुढे उशीर करणे, हा पुरेसा उपाय का नाही?

२. कारणे द्या.
(अ) परवलीच्या आकड्याचे सर्व अंक तपासल्यावरच उत्तर द्यावे.
(आ) चांगला अभ्यासक उत्तर तपासण्याआधी तक्ता तपासतो.

३. गणित करा. तीन अंकी परवलीचे आकडे किती संभवतात? एकेक अंक ताडून चुकेल तेथे थांबणाऱ्या आज्ञावलीत पहिल्या प्रयत्नानंतर बाहेर किती प्रकारच्या खुणा दिसतील? चोराचा संभव किती पट होईल?

४. पुढील म्हणींचा अर्थ सांगून त्यांचा पाठातील विषयाशी संबंध स्पष्ट करा : झाकली मूठ सव्वा लाखाची, थेंबे थेंबे तळे साचे.

५. आपल्या गावच्या बाजारात कोणत्या गोष्टी उघड असाव्यात व कोणत्या खाजगी राहाव्यात, याविषयी दहा ओळी लिहा.